साहेबांचा रुमाल

चांगुणाचे गुडघे असे वाजायचे की हाळी द्यायच्या आधीच गिऱ्हाईक दारात यायचं. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन तिनं मासळी विकली होती. आता मच्छीविक्रेत्यांची पेन्शन मिळाली, तरच ती पाटी उतरणार होती. अर्ज द्यायच्या दिवशी ती लेकीच्या वासाच्या साबणानं दोनदा न्हाली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आरशाला म्हणाली, “अगदी मास्तरीण दिसतेस गं!”

कचेरीत ही मास्तरीण समोर येऊन बसताच साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

“बाई, परवाना नाही, पावती नाही. इतकी वर्षं मासळीच विकलीत, याला पुरावा काय?”

“गिऱ्हाइकं सांगतील की.”

“सांगोवांगी चालत नाही. पुरावा इथं, माझ्यासमोर हवा.”

“मग साहेब, वास येत नसेल तर रुमाल खिशात घाला, मी उठते. येत असेल तर सही करा. दोन आंघोळींनी जो गेला नाही, तो काय काल लागलाय?”

साहेबांनी रुमाल काढला, एक श्वास घेतला, घाईघाईनं परत लावला आणि दुसऱ्या हातानं सही केली.

बाहेर रांगेतल्या बायकांना चांगुणानं बजावलं, “न्हाऊन आल्या असाल तर घरी जा गं. उद्या बाजारात मासळी विकून तशाच या!”