धुरपदाचा गाडा

फार वर्षांपूर्वी बोरधऱ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की लोक गाडा करत. गाड्यात मरीआईला बसवत, नारळ-लिंबं ठेवत, आजाऱ्यांच्या अंगावरची लुगडी-धोतरं टाकत आणि गाडा पुढच्या गावच्या शिवेवर लोटून येत. मागं वळून बघत नसत. ते गाव तो त्याच्या पुढच्या शिवेवर लोटी. गाड्याबरोबर पटकीही गावोगाव हिंडे.

बोरधऱ्यात धुरपदा नावाची बाई होती. मागच्या साथीत तिचा नवरा पाणी पाणी करत गेला. पटकीत पाणी पाजलं की माणूस दगावतो, असं सगळे म्हणाले आणि तिनं ऐकलं. या साथीला तिनं कुणाचंच ऐकलं नाही. एका वैदिणीनं शिकवलं होतं तसं ती पाणी खळखळून उकळी, निवलं की त्यात मीठ-गूळ घाली आणि आजाऱ्याला घोट घोट पाजत राही. तिच्या हातचं पाणी प्यालेलं माणूस उठून बसे, असं म्हणतात.

पण गाव भ्यालेलं होतं. गाडा सजला आणि शेवरगावाकडे निघाला. शेवरगावात धुरपदाची एकुलती लेक नांदत होती. गजरा, ओली बाळंतीण.

धुरपदा गाड्याला आडवी झाली.

"सर बाजूला! देवीची वाट अडवतीस?" म्हातारा गुरव ओरडला.

"अडवत न्हाई, बाबा. मीच नेते. का तुमी येताय शिवेवर गोफणीचे दगड खायला?"

कुणी पुढं आलं नाही. तिनं देवीच्या पाया पडून मूर्ती गुरवाच्या हाती दिली, ती लुगडी-धोतरं तिथंच पेटवली, गाड्यात उकळल्या पाण्याची मडकी, मीठ आणि गुळाच्या ढेपा भरल्या. चार गड्यांना न हलणारा गाडा तिच्या एकटीच्या खांद्यानं चालू लागला, असं म्हणतात.

शिवेवर शेवरगावचे गडी गोफणी घेऊन उभे होते. पुढं गजराचा सासरा, हैबती पाटील.

"विहीणबाई, पाऊल टाकलंत तर दगड सुटंल. नातं बघणार न्हाई."

"ह्यात रोग न्हाई, व्याहीबुवा. बघा." तिनं तांब्याभर पाणी सगळ्यांदेखत घशाखाली उतरवलं.

गोफण गरगरली. एक मडकं फुटलं, खापऱ्या तिच्या पायाशी उडाल्या. ती हलली नाही.

"फोडा. पण माझी गजरा कशी हाय, तेवढं सांगा."

पाटलाची मान खाली गेली. मागून एक बाई म्हणाली, "सकाळपासनं जुलाब-उलट्या. डोळं खोल गेल्यात तिचं."

बोरधऱ्याचाच ओढा शेवरगावात वाहत होता. पटकी गाड्यासाठी थांबली नव्हती.

"पाणी दिलं?"

"तोंडाला लावू दिलं न्हाई," पाटील कसाबसा बोलला.

धुरपदानं गाड्याला खांदा दिला. या वेळी एकही गोफण उठली नाही.

गजराची नखं निळी पडली होती. एक घोट पोटात गेला की उलटून येई. धुरपदा थोडं थांबे आणि पुन्हा चमचाभर पाजी. दिवस कलला. सूर्य डोंगराला टेकला आणि तिथंच थांबला, असं म्हणतात. मग गजरानं ओठ हलवले.

"आये, बाळ कुठाय?"

तेव्हा कुठं सूर्य मावळला.

पाटलानं लुगडं-चोळी आणली. धुरपदानं हात जोडले. "मला काय नको. ह्यो गाडा पुढल्या गावाला तुमी न्या. पाणी उकळायला शिकवा. मीठ आसवांइतकंच. त्याहून खारट लागलं तर ओतून द्या. आन् त्यांनीबी पुढं न्यायचा, म्हणून सांगा."

आणि ती गाड्यामागून चालू लागली. तिची समाधी कुठंच नाही. ज्या गावी विचारावं, ते गाव म्हणतं, इथून ती पुढं गेली.

त्या खोऱ्यात आजही दर आषाढात धुरपदाचा गाडा निघतो. मडकी असतात, मीठ-गूळ असतो, आता नर्सबाईंची लसींची पेटीही असते. गावातली बाळंतीण पहिला घोट घेते, मग गाडा हलतो. तो कुठंच मुक्काम करत नाही.

शेवटचं गाव कुठलं, असं पोरं विचारतात. म्हातारी माणसं म्हणतात, ते अजून यायचंय.