वडिलांचा ताजा फोटो

तालुक्याच्या कॉलेजातले अधीक्षक बागूल नियमाला फार पक्के. वैदेही दुसाने प्रवेशाचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर आली, तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता.

"'वडील सध्या काय करतात', हा रकाना कोरा का ठेवलास?"

"सर, ते वारले. दोन वर्षं झाली. दाखला जोडलाय."

"दाखल्याला या अर्जात जागाच नाही. आणि हा फोटोही जुना. पालकाचा फोटो याच महिन्यातला हवा, वाचलं नाहीस?"

"पण सर, ते..."

"पणबिण काही नाही. उद्या ताजा फोटो आण, नाहीतर प्रवेश विसर."

रांगेत कुणीतरी हसलं. वैदेही अर्ज उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो टेबलावर ठेवला. फोटोत भिंतीवरची वडिलांची तसबीर, तिला चंदनाचा हार, खाली उदबत्ती.

बागूलांचा आवाज चढला. "ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही सर. कालच काढलाय. बाबा आता असेच दिसतात. सध्या काय करतात, तेही यातच आलं."

बागूलांनी नियम पुन्हा वाचला. खोट सापडेना. मान वर न करता त्यांनी फोटो चिकटवला आणि शिक्का मारला. तो अर्धा अर्जावर उमटला, अर्धा हारावर.