मानाजीची तिसरी चाल

एका राज्यात झोप म्हणून उरली नव्हती. राजवाड्यात नाही, झोपडीत नाही, गोठ्यातल्या गाईच्या डोळ्यांतही नाही. गवंडी भिंती तिरक्या बांधत होते, आया लेकरांवर खेकसत होत्या, आणि प्रधानजी भर दरबारात आपलंच नाव विसरत होते. हे सारं कशापायी? तर राजाच्या हावेपायी.

राजाने डोंगरावरच्या मायावंती चेटकिणीचा सोन्याचा पाळणा पळवून आणला होता. त्याला त्यात युवराज जोजवायचा होता. चेटकीण रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ने. पाळणा हलत राहील, डोळा कुणाचा लागणार नाही." तेव्हापासून खजिन्याच्या दालनात पाळणा आपोआप हलू लागला. कर्र कर्र, कर्र कर्र. तो आवाज राज्याच्या शिवेपर्यंत ऐकू जाई. परत नेऊन द्यावा म्हटलं, तर अख्ख्या तालमीचे पहिलवान लावले तरी पाळणा जागचा उचलला जाईना.

महाद्वारावर नगारखाना होता. तिथे मानाजी सनई वाजवी. त्याने सूर धरला की खाली उभ्या माणसाचा जीव गुदमरे, पण मानाजीचा सूर तुटत नसे. शेजारी रखमाजी बसे, वयाने थोरला, दमाने तोकडा. मानाजी त्याला सगळ्यांदेखत 'फुटका भाता' म्हणे, आणि रखमाजी हसून सनईच्या तोंडची पत्ती, जिच्यावाचून सूर निघत नाही, ओठांत ओली करत बसे.

राजाची आज्ञा झाली, सनईने झोप आणा. मानाजीने वाजवायला घेतलं. उन्हं चढली, उतरली, पुन्हा चढली. तो वाजवतच राहिला. झोप काही आली नाही, ताप मात्र आला. तो छातीत उतरला आणि तिथेच मुक्काम करून बसला. राजवैद्यांनी मानाजीच्या छातीला कान लावला आणि सांगितलं, "जीव राहील, सनई राहणार नाही. पुन्हा फुंकलीत, तर तो श्वास शेवटचा."

ताप ओसरला आणि मानाजी बरा झाला, म्हणजे लोक तसं म्हणू लागले. त्याला विचाराल तर बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. बोटं मांडीवर सनईची भोकं चाचपत राहत. कुणी सनई वाजवली की तो कान झाके, वाजवायची थांबवली की चिडे. नगारखान्याचा जिना अर्धा चढे आणि तसाच उतरे. त्याला मरणाचं भय नव्हतं. आपण आता कुणीच नाही, याचं भय होतं, आणि ते त्याला एका जागी ठरू देत नव्हतं.

अशाच एका फेरीत वळचणीतली साळुंकी बोलली. ती मायावंतीची पाळलेली होती, तिला माणसाची वाणी होती. "मानाजी," ती म्हणाली, "ऐकलेल्या सुराला पाळणा भुलत नाही. तू नव्या चाली बांध. पहिलीने दगडी हत्ती निजव, दुसरीने खजिन्याचं लोखंडी दार, तिसरीने पाळणा. चाल तुझी, वाजवणारे दुसरे."

"आणि तिसरी फसली तर?"

"राज्याला वेड लागायचं तेवढं राहिलंय. ते लागेल."

मानाजीने जन्मात चाल बांधली नव्हती. वाडवडिलांच्या चाली वाजवल्या, तेवढंच. पण रिकामं बसणं त्याला मरणाहून जड झालं होतं. तो उठला.

पाळणा आला त्या दिवशी महाद्वारातला दगडी हत्ती जागा झाला होता आणि तेव्हापासून येरझारा घालत होता. मानाजी त्याच्या मागे मागे फिरला, त्याची पावलं ध्यानात घेतली आणि तशीच जड, दमलेली चाल गुणगुणत भिवजी चौघडेवाल्याला शिकवली. चौघडा वाजला. हत्तीने गुडघे टेकले, सोंड गुंडाळली आणि तो पुन्हा दगड झाला.

लोखंडी दारही त्याच दिवसापासून आपली दोन्ही कवाडं दातांसारखी आपटत होतं. त्याच्यासाठी मानाजीने फक्त एक खालचा सूर ठेवला आणि त्याच्याभोवती दोनच सूर फिरवले. रखमाजीने ते वाजवले. दाराने मोठी जांभई दिली आणि उघड्या तोंडानेच ते निजलं.

दोन कामं फत्ते झाली आणि मानाजीचं डोकं फिरलं. तिसरी चाल त्याने अशी बांधली, की तिच्यात त्याचं सगळं वैभव यावं. लांबच लांब पल्ले, वळणावर वळण. सारा दरबार खजिन्यात जमला. रखमाजीने वाजवायला घेतली, आणि मध्यावर त्याला ठसका लागला. सूर तुटला. पाळणा असा उसळला की छताचा गिलावा कोसळला आणि युवराजाने टाहो फोडला.

मानाजीने झडप घालून रखमाजीच्या हातातली सनई घेतली.

साळुंकी म्हणाली, "फुंक. राज्य निजेल. तू मात्र उठणार नाहीस."

मानाजीने राजाकडे पाहिलं. राजाने तांबारलेले डोळे दुसरीकडे वळवले. नको म्हणाला नाही. मानाजीने सनई ओठांना लावली, तर तिच्यात पत्तीच नव्हती. ती रखमाजीने मघाशीच काढून गालात धरली होती.

"पत्ती द्या," मानाजी म्हणाला.

"देणार नाही," रखमाजी म्हणाला. "ही चाल तुम्ही जुन्या मानाजीसाठी बांधलीत. तो तापात गेला. इथे मी आहे. माझ्या श्वासाला जागा ठेवा, मग वाजवतो."

मानाजीला असा राग आला की हात उगारला गेला. पण तो हात खाली आला आणि मानाजी सगळ्यांसमोर रडला. आजारात रडला नव्हता, ते सगळं आता रडला. साळुंकी म्हणाली, की अर्ध्यात मोडलेली चाल ती मोजत नाही. पण उन्हं कलायच्या आत नवी हवी.

तेव्हा मानाजीने, वैद्यांनी त्याच्या छातीला लावला होता तसा, रखमाजीच्या छातीला कान लावला. इतकी वर्षं शेजारी बसून जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं: हा श्वास कुठवर जातो, कुठे थकतो, कुठे परततो. जिथे तो थकला तिथे मानाजीने चाल तोडली. लाडकी वळणं गेली, लांब पल्ले गेले. प्रत्येक वेळी त्याचा जीव तुटला, पण त्याने हात आखडला नाही.

भर दुपारी रखमाजीने सनई उचलली. सूर आला, थोडा चालला आणि थांबला. रखमाजीने श्वास घेतला. त्या मोकळ्या जागेत पाळण्याचं कर्र ऐकू आलं. पुन्हा सूर आला, पुन्हा थांबला. पाळणा जरा रेंगाळला. पुढचा सूर कधी येतो म्हणून तो कान देऊ लागला, आणि कान देता देता हलायचं विसरला.

युवराज निजला. प्रधानजी उभ्याउभ्या निजले. राजा पायरीवर घोरू लागला. बाहेर गवंडी, गाई, आया, लेकरं, सगळी निजली. आणि मानाजी, ज्याला कुठे बसवत नव्हतं, तो भिंतीला टेकून निजला. मायावंती डोंगर उतरून आली, हलका झालेला पाळणा परडीसारखा हातात अडकवला आणि चालती झाली. जागा झाल्यावर राजा अनवाणी डोंगर चढला आणि तिच्या पाया पडून आला.

मानाजीला दुसऱ्या दिवशी जाग आली. त्याने पहिलं विचारलं ते रखमाजीला. "चालीचा शेवट कसा वाजला?"

"बसा. ऐकवतो," रखमाजी म्हणाला.

मानाजी नगारखान्याचा जिना पुरा चढून वर बसला. रखमाजीने पत्ती ओली केली आणि वाजवू लागला. सूर आला, थांबला. मानाजीने त्याच्याबरोबर श्वास घेतला. पुन्हा सूर आला, पुन्हा थांबला. आणि शेवट यायच्या आत मानाजीचा डोळा लागला.

त्याने तो शेवट कधीच ऐकला नाही. जशी त्याला झोप मिळाली, तशी ती तुम्हांआम्हांला मिळो.