गाजराचा वाफा

एका नगराच्या वेशीबाहेर, ओढ्याकाठी, भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान लहान तुकडे नागरिकांना कसायला दिलेले होते. त्यांतला एक तुकडा नुकत्याच निवृत्त झालेल्या एका शिक्षकांना मिळाला. लगतचा तुकडा भागूबाईंचा. त्या ऐंशीच्या घरातल्या. हिवाळी भाज्या लावाव्यात त्यांनीच, असे सगळे म्हणत. म्हणून उतारवयात गुरुजी त्यांचे शिष्य झाले.

दसरा उलटताच पेरण्या सुरू झाल्या. भागूबाईंनी कोबीच्या वाफ्यात शेणखताच्या पाट्या सढळ हाताने ओतल्या. गाजराचा वाफा मात्र त्यांनी हातभर खोल खणला, माती बोटांनी चाळून एकेक खडा वेचला आणि मूठभरही खत न घालता बी टाकले.

गुरुजींना नवल वाटले. "मावशी, कोबीला एवढं आणि गाजराला काहीच नाही? असं का?"

"बघा तुम्ही," एवढेच बोलून त्या पुढच्या वाफ्याकडे वळल्या.

गुरुजींचे समाधान होईना. आपली गाजरे उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या वाफ्यात ताजे शेणखत भरपूर मिसळले. पाला असा फोफावला, की येणारेजाणारे थांबून पाहू लागले. भोगीची भाजी सर्वांनी मिळून ओढ्याकाठीच करायची ठरली, तेव्हा गाजरे आपण आणू, असे गुरुजींनी हौसेने सांगून टाकले.

भोगीच्या सकाळी त्यांनी पहिले गाजर उपटले. त्याला तीन तंगड्या होत्या. दुसरे बोटाएवढे, सगळ्या अंगाला तंतुमुळे फुटलेले. अर्धा वाफा उपसला तरी एक सरळ गाजर हाती लागेना. पलीकडे भागूबाईंची गाजरे वीतभर लांब, लालबुंद निघत होती.

"माझं काय चुकलं, मावशी?"

भागूबाई बांधावर टेकल्या. "गाजर खाली जातं ते शोधायला. तुम्ही सगळं त्याच्या तोंडाशी आणून ठेवलंत, मग ते खाली कशाला जाईल? जागच्या जागी हातपाय पसरून बसलं. त्याची माती भुसभुशीत करून द्यावी, वाटेतले खडे काढावेत. पुढचं त्याचं त्यानं करायचं असतं."

"हे तेव्हाच सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं, तर उत्तर शोधायला आज तुम्ही एवढं खणलं नसतंत."

फळ्यावर प्रश्न लिहून होताच, मुलांनी पेन्सिल टेकवण्याआधी, आपणच उत्तर लिहून टाकलेली कितीतरी वर्षे गुरुजींना आठवली. मग ती वेडीवाकडी गाजरे ओढ्यात धुऊन ते चिरायला बसले.

तेवढ्यात शेजारच्या तुकड्यावर नव्याने आलेल्या बाईंनी विचारले, "गुरुजी, मुळ्याला पाणी किती घालू हो?"

उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. पण ते म्हणाले, "बोट खुपसून माती बघा. कशी लागते, ते मला सांगा."