मातीच्या भिंतीवरचा दगड

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारा पाथरवट राहत होता. राजाच्या गडाची तटबंदी त्याने बांधली, पण स्वतःचं घर मात्र मातीचंच राहिलं. घरात तो आणि त्याची लेक सगुणा, दोघंच. सगुणा लोकांची घरं रंगवायची.

एक दिवस पाथरवट बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि त्याचे पाय कायमचे गेले. तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागला. बोलेना, धड जेवेना. सगुणा समजूत घाली, तर म्हणे, “माझं सगळं दगडात होतं गं. आता काय उरलं?”

सगुणाने विचार केला, बाबा दगडापाशी जाऊ शकत नाहीत, तर दगडच घरी आणू. तिने चुन्यात काजळी आणि पिवळी माती कालवून दगडाचा रंग केला. फडक्याचा बोळा त्यात बुडवून ती बाबांच्या समोरच्या भिंतीवर हलके हलके टेकवू लागली. मग बारीक कुंचल्याने दगडांचे सांधे काढले. तीन दिवस ती खपत होती. बाबा डोळे मिटून पडले होते.

चौथ्या दिवशी सकाळी मागून आवाज आला, “सगुणे, सांध्यावर सांधा आलाय.”

ती दचकली. “म्हणजे काय, बाबा?”

“अशी भिंत उभी राहत नाही, पोरी. वरच्या दगडाने खालच्या दोघांना धरायचं असतं. पूस ते. आणि मला जरा टेकवून बसव.”

तिने त्यांना उशीला टेकवलं. घाबरतच म्हणाली, “बाबा, दगड खोटा आहे. राग नाही ना आला?”

“खोटा आहे हे बघताक्षणी कळलं मला,” म्हातारा म्हणाला. “पण तीन दिवस तुझा हात चाललेला ऐकत होतो. तो खोटा नव्हता.” मग त्याने हात पुढे केला. “आण तो कुंचला. छिन्नीचे घाव तुला नाही जमायचे.”

त्या दुपारी तो दोन भाकऱ्या जेवला.

त्याचे पाय काही परत आले नाहीत. पण गावातले गवंडी नवं काम धरण्याआधी त्याच्या खाटेशी येऊन बसू लागले. तो रंगवलेल्या भिंतीवर बोट ठेवून त्यांना बांधणी शिकवी, आणि चुकलं की मनापासून रागावे.

तात्पर्य: खचलेल्या माणसाला धीराच्या शब्दांपेक्षा, आपली कुणाला तरी गरज आहे ही जाणीव अधिक सावरते.