खोताचा पहिला 'व्हय'

भिकाजी खोताने बांध घालून गावचा वहाळ आपल्या पोफळीच्या बागेकडे वळवला आणि दवंडी पिटवली, "पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन माझ्या दारात जो येईल, त्याचं घर उठवीन!" विहिरी आटल्या, तरी जाब विचारायची कुणाची छाती झाली नाही.

जत्रेच्या दिवशी सोनू गुरव देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गुरवाने मागणं मागायचं आणि गावाने 'व्हय महाराजा' म्हणायचं, ही रीत. त्यातही पहिला 'व्हय' मानकऱ्याचा, म्हणजे खोताचा.

"बा देवा, वहाळाक जो बांध घातलो हा, तो सांजच्या आत फुटू दे रे महाराजा!"

सगळ्या गावाने खोताकडे पाहिलं. खोताने ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात मागे दुसरा मानकरी पहिला 'व्हय' म्हणायला घसा खाकरू लागला. पिढ्यांचा मान हातचा जाणार!

"व्हय महाराजा!" खोत ओरडला. पाठोपाठ सगळा गाव गरजला.

बाहेर येताच खोताने सोनूची मानगूट धरली. "तुला ताकीद दिली होती ना?"

"तुमच्या दारात मी खंय इलंय?" सोनू म्हणाला. "देवाक सांगलंय, नि पयलो व्हय तुमीच म्हटलास. आता बांध तुमी फोडतास, काय गावान फोडूचो?"