धुरपाची वीत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं केव्हा हे आज कुणालाच सांगता येत नाही अशा एका काळी, मुरमाळ गावच्या कुरणाची राखण धुरपा नावाची बाई करीत असे. कुरणात पवना गवत होतं. त्याचे ठोंब पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी जगत. धुरपाचा नियम एकच होता: कापताना बुडाशी वीतभर गवत राखायचं, म्हणजे ठोंब पुन्हा फुटतो.

पुढे सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. कुरणात नुसते करडे खुंट उरले. शेजारच्या गावाने आपले ठोंब मुळांसकट खणून जनावरांपुढे टाकले. ते पाहून धुरपाचा दीर म्हाळू चौदा माणसं आणि कुदळी घेऊन कुरणात आला. त्याचा एक बैल भुकेने बसला होता. धुरपाची गायही उठत नव्हती.

"वैनी, मेलंय ह्ये गवत. बाजूला व्हा."

धुरपाने वाट अडवली नाही, पैज लावली. एकच ठोंब खणायचा. अकरा वितींच्या आत मूळ संपलं, तर सारं कुरण खणायचं आणि पहिली कुदळ तिने मारायची. वीत मात्र तिची.

"वीत आखडायची न्हाई बरं का," म्हाळू म्हणाला, आणि माणसं हसली.

पाच वितींवर मूळ संपलं नाही. आठव्या वितीला मुरूम लागला. दहाव्या वितीला केसाएवढा एकच तंतू उरला, तेव्हा कुणी हसत नव्हतं. धुरपाने कुदळी थांबवल्या आणि उरलेला मुरूम नखांनी उकरला. बोट जरा आखडलं असतं तर कुरण सहज वाचलं असतं. खड्ड्याच्या काठावरच्या प्रत्येकाला ते कळत होतं.

"भावजी, नीट बघा," ती म्हणाली आणि अकराव्या वितीला तिने हात ताणला. बोटांची हाडं कडाडली, ती वर ऐकू आली, असं म्हणतात.

करंगळीखाली मूळ जवभर उरलं होतं. ते ओलं होतं.

म्हाळूने कुदळ खांद्यावर टाकली आणि तो माणसांसह परतला. चौथ्या दिवशी त्याचा बैल गेला, सहाव्या दिवशी तिची गाय. बाराव्या दिवशी पाऊस आला. शेजारच्या कुरणाची माती ओढ्याला गेली; मुरमाळचे ठोंब एका रात्रीत गुडघाभर वाढले, असं म्हणतात. एक रात्र फारच थोडी. पण मुरमाळात यावर कुणी वाद घालत नाही.

धुरपाचा हात पुन्हा कधी मिटला नाही. तिला विळा धरता येईना. त्या हंगामात तिच्या वाट्याचं गवत म्हाळूने कापलं. तो तिला उघडा पंजा ठोंबाच्या बुडाशी धरायला सांगे आणि त्याच्या वर विळा लावी.

कुरणाच्या तोंडाशी आजही एका दगडावर तिची वीत कोरलेली आहे. कापणीआधी प्रत्येकजण तिच्यावर आपला हात ताणतो. कुणाचाही पुरत नाही. जितका कमी पडेल, तितकं गवत आपल्या वितीवर आणखी राखायचं, आणि मगच विळा उचलायचा.